चढावरचं गाऱ्हाणं

प्रिय चेतना,

तुझा फोन लागत नाही आणि मेसेजवर एकच टिक येऊन थांबते, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले. शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही. अक्षराला हसू नकोस. घाटकोपरच्या शाळेत माझे निबंध बाईंना तूच वाचून दाखवायचीस, कारण माझं अक्षर तुझ्याशिवाय कुणाला लागायचं नाही. तेव्हा हेही लागेल. आधी बातमी सांगते. मी टेम्पो चालवते! आपला तो छोटा हत्ती. मागे डाळ, भात, चिकन सुकं, सोलकढी, आणि पुढे स्टिअरिंगवर मी. रोज अंधेरीहून गोरेगावला, हायवेवरून, जोगेश्वरीच्या त्याच पुलावरून. वाचून उठून उभी राहिली असशील तर परत बस, कारण हे एका ओळीत सांगून संपणारं नाही.

तुला हे सगळं तुकड्यातुकड्यांत माहीत आहे, आज सलग सांगते. साखरेनं निलेशच्या डोळ्यांच्या पडद्यात रक्त उतरलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, गाडीला हात लावायचा नाही. आमचा सगळा धंदा त्या टेम्पोवर. किचन अंधेरीत, खाणारे गोरेगावच्या स्टुडिओतलं शूटिंगचं युनिट. जेवण कितीही चांगलं केलं तरी ते लंच ब्रेकला तिथे पोचलं नाही तर त्याला कोण विचारतो? लायसन्स माझ्याकडे होतं, लग्नाआधी हौसेनं काढलेलं. म्हटलं, नवऱ्याऐवजी मी चालवते. सुरुवातीला निलेश शेजारी बसायचा. त्याचा उजवा पाय खालच्या रबरावर सतत ब्रेक दाबत असायचा. त्याच्या ब्रेकनं गाडी थांबायची नाही, माझा जीव मात्र थांबायचा.

आणि मग तो दिवस. जोगेश्वरीच्या पुलाच्या चढावर ट्रॅफिक तुंबलेलं, पुढची गाडी हलली, मी क्लच सोडला आणि टेम्पो मागे गेला. फार नाही, हातभर. पण मागे रिक्षा होती. तिचा मडगार्ड चेपला, आमच्या डाळीचं झाकण उडालं, आणि तो रिक्षावाला खाली उतरून सगळ्या पुलाला ऐकू जाईल असं ओरडला, "अरे बाई, चलाना नहीं आता तो किचन में बैठो ना!" चेतना, मला आयुष्यात याहून वाईट बोलणी बसली आहेत. माझ्या आईचं तोंड तुला माहीत आहे. पण हे वाक्य जाऊन बसलं ते बसलंच. कांदा चिरताना किचन में बैठो. तांदूळ निवडताना किचन में बैठो. रात्री कूस बदलली की टेम्पो मागे सरकतोय, सरकतोय, आणि या वेळी मागे रिक्षा नाही, शाळेची बस आहे. मी किल्ली खिळ्याला टांगून ठेवली आणि किचनमध्येच बसले.

आम्ही ड्रायव्हर ठेवला. आला तर आला, नाही तर फोन बंद. दोनदा जेवण उशिरा गेलं, तेव्हा युनिटचं जेवणखाण बघणारा प्रितम मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुमच्या हाताला चव आहे, त्यात वाद नाही. पण लंच लेट झाला की अख्खं युनिट बसून राहतं आणि शिव्या मला पडतात. आता आणखी एकदा झालं ना, तर मला दुसरं बघावं लागेल." पोरगा चांगला आहे, त्याचंही बरोबरच होतं. म्हणजे मी तो चढ चढले नाही तर किचन बंद, प्रेमाताईंचं आणि बाकीच्या बायकांचं काम बंद, आणि निलेशनं आधीच स्वतःला घरावरचं ओझं म्हणायला सुरुवात केली होती, ते त्याला कायमचं खरं वाटणार. हे सगळं मला स्वच्छ कळत होतं. कळून पाय उचलत नव्हता.

त्या रविवारी तू आलीस. माझं सगळं ऐकून घेतलंस, डबाभर चिवडा एकटीनं संपवलास आणि म्हणालीस, "विचार आला म्हणजे बातमी आली असं नाही गं. विचार हा नुसता विचार असतो." मग मला मनाचे व्यायाम शिकवलेस. तुला तेव्हा सांगितलं नाही, आज सांगते, त्या व्यायामांची मी पार वाट लावली. तू म्हणालीस, मन भोवऱ्यात अडकलं की आजूबाजूच्या पाच गोष्टी नीट बघ, त्यांची नावं घे. मी निलेशला शेजारी बसवून गल्लीतून हायवेच्या सिग्नलपर्यंत टेम्पो नेला आणि बघायला लागले. समोर कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर. त्यावर मोठा चेहरा, खाली शुभेच्छुकांचे छोटे छोटे चेहरे. मी ते मोजत बसले, सिग्नल कधी हिरवा झाला कळलंच नाही, आणि मागून जे हॉर्न सुरू झाले ते ऐकून मी टेम्पो तिथेच निलेशच्या हवाली करून उतरले. डॉक्टरांचं मोडून त्यानं तो कडेला घेतला. बिचारा घामाघूम झाला होता.

मग तुझा तो चिंतेची वेळ ठरवायचा व्यायाम. दिवसभर चिंता आली की तिला म्हणायचं, आत्ता नाही, संध्याकाळी पाचला ये, तेव्हा तुझ्याकडेच बघते. हे मला पटलं. मी किचनच्या फळ्यावर ऑर्डरच्या खाली खडूनं लिहूनसुद्धा ठेवलं, पाच वाजता चिंता. पाच वाजता स्टूल ओढून बसले. चिंता काही येईना! दिवसभर छळणारी बया, बोलावल्यावर तोंड लपवून बसली. प्रेमाताई वाटणाला खोबरं भाजत होत्या, त्या म्हणाल्या, "जान्हवी, तुझी चिंता करून झाली असेल तर मिक्सर लाव." सगळ्या हसल्या. आता कळतं की तो व्यायाम मला लागू पडला होता, पण तेव्हा मला वाटलं की मला धड चिंतासुद्धा करता येत नाही.

विचाराला नाव द्यायचं मात्र मस्त जमलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मालनमावशी आठवतात ना? कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकायच्या आधी म्हणतात, "सांभाळून हां, आमच्या नात्यातल्या एकाचं असंच झालं होतं." कुणाला दिवस गेले, कुणी विमानात बसणार असलं, मावशींच्या नात्यात कुणा एकाचं तसंच झालेलं असतंच. तर मी त्या विचाराचं नाव मालनमावशी ठेवलं. टेम्पो मागे जाणार असं मनात आलं की म्हणायचं, आल्या मावशी. त्यानं मला हसू यायचं, पण मावशी जायच्या नाहीत. खऱ्या मावशीही अशाच, एकदा टेकल्या की चहा घेतल्याशिवाय उठत नाहीत. आणि श्वासाकडे बघायचं तर नावच काढू नकोस. तू डोळे मिटून शांत बसतेस, तुझ्या चेहऱ्यावर कसली सुंदर स्थिरता येते. मी डोळे मिटले की दोन मिनिटांत घोरायला लागते.

आता खरी गोष्ट. एका सकाळी ड्रायव्हर आला नाही. फोन बंद. डबे भरून तयार, प्रितमचं शेवटचं बोलणं डोक्यात, निलेश खिशात हात घालून गेटपर्यंत जाऊन येतोय, आणि मी किल्लीकडे बघत उभी. आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे गुणाजी, जिन्यावर पेपर वाचत बसले होते. ते उठले, किचनमधून एक नारळ घेतला आणि थेट टेम्पोसमोर जाऊन उभे राहिले. तू कोकणातली नाहीस म्हणून सांगते. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस हात जोडून मोठ्यानं देवाला सगळी हकीगत सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे म्हणतात, "होय म्हाराजा!" लग्न असो, नाटक असो, बोअरिंग मारायची असो, गाऱ्हाणं हवंच. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. कधी कान देऊन ऐकलं नव्हतं.

बाबांनी खणखणीत आवाज लावला. "बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!" किचनमधून बायका म्हणाल्या, होय म्हाराजा. "आज ही तुझी सून टेम्पो घेवन निघता हा रे म्हाराजा!" होय म्हाराजा. मला वाटलं आता सुखरूप ने, बरं कर वगैरे म्हणतील. पण बाबा काय म्हणाले माहीत आहे? "हिचो पाय क्लचवरसून सुटात, रे म्हाराजा!" होय म्हाराजा! "टेम्पो मागे जायत, मागच्याचो बंपर फुटात, रे म्हाराजा!" होय म्हाराजा! "तो हिका गाळी घालीत, डाळ सांडात, लोक हसतीत, रे म्हाराजा!" आणि हातात वाटण, पदराला पीठ, अशा सगळ्याजणी दारात उभ्या राहून एका सुरात, होय म्हाराजा! शेवटी म्हणाले, "असा जा काय वाकडानाकडा हिच्या मनात इला आसात, ता सगळा तुझ्या पायाकडे ठेवलेला आसा. ता तू बघून घे, आणि हिका हिच्या कामाक जावक दी रे म्हाराजा!" नारळ फुटला, पाणी काचेवर उडालं, बाबा परत जिन्यावर जाऊन पेपर वाचायला लागले.

चेतना, मी हसत सुटले. माझी इतक्या रात्रींची भीती, जी मी निलेशलासुद्धा पूर्ण सांगितली नव्हती, ती भर सकाळी सोसायटीच्या आवारात मालवणीत जाहीर झाली आणि बायकांनी तिला एकमतानं मंजुरी दिली. त्या हसण्यातच मी चढून बसले. निलेश दार उघडायला आला, त्याला म्हटलं, तू आज नाही. तुझा पाय घरी ठेव. प्रेमाताईंना शेजारी बसवलं, सोलकढीची कॅन त्यांच्या मांडीवर दिली आणि निघाले.

पूल आला. ट्रॅफिक तसंच तुंबलेलं, मी चढाच्या बरोबर मध्यावर. मागे या वेळी रिक्षा नव्हती, चकचकीत पांढरी गाडी होती, जिच्या एका दिव्याच्या किमतीत आमचा महिना निघेल. मालनमावशी हजर. मागे जाणार, मागे जाणार. आणि मी इतके दिवस जे करत होते तेच करणार होते, म्हणजे नाही, नाही जाणार, असं स्वतःला बजावणार होते. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "टेम्पो मागे जायत, रे म्हाराजा!" माझं मालवणी माहेरचं नाही, सासरी येऊन शिकलेलं, त्यामुळे उच्चार वाकडेच. पण शेजारून प्रेमाताईंनी कॅन घट्ट धरून ठणकावलं, "होय म्हाराजा!" "पांढऱ्या गाडीक लागात, रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" "तो म्हणात किचनमध्ये बस, रे म्हाराजा!" "होय म्हाराजा! किचन आमचाच आसा!" हे शेवटचं त्यांच्या पदरचं. आणि पुढची गाडी हलली, मी हाफ क्लचवर टेम्पो तोलून धरला, इंजिनाचा आवाज बदलला तसा ॲक्सिलरेटर दिला, आणि टेम्पो वर गेला! मागे तसूभरही नाही. पुलाच्या माथ्यावरून पलीकडचा उतार दिसला तेव्हा मी अशी ओरडले की प्रेमाताईंच्या मांडीवर सोलकढी सांडली.

त्या नादात एक गंमत झाली. गोरेगावला वळताना हवालदारानं हात केला. मी गाडी कडेला घेतली, काच खाली केली. तो म्हणाला, "मॅडम, लायसन्स दाखवा." आणि मी खणखणीत आवाजात म्हणाले, "होय म्हाराजा!" क्षणभर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला वाटलं, संपलं, आता हा मला तोंडाचा वास द्यायला सांगणार. त्यानं लायसन्स उलटंसुलटं बघितलं, परत दिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "खंयच्या तुमी?" म्हटलं, सासर कणकवली. तेव्हा तो म्हणाला, "देवाक सांगून झाला आसात तर आता काच पुसा. समोरचा काय दिसता काय तुमका?" खरंच, नारळाच्या पाण्यावर धूळ बसून काचेचा चिखल झाला होता आणि मी तशीच सगळा हायवे पार करून आले होते.

स्टुडिओत लंच ब्रेकच्या आधी पोचलो. प्रितम धावत आला, म्हणाला, "ताई, ड्रायव्हर कुठेय? गाडी जरा आत घ्यायला सांगा." मी किल्ली फिरवली आणि उलट्या गिअरमध्ये टेम्पो मंडपाला लावून दिला. तो बघतच राहिला, मग म्हणाला, "झकास, ताई!" निलेशला फोन करून पोचल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "डाळ सांडली नाही ना?" आवाजावरून मला कळलं तो रडतोय. त्या दिवसापासून तो ऑर्डर आणि हिशोब बघतो, आणि तोंडानं ओझं हा शब्द काढत नाही.

यात काय झालं यावर मी खूप विचार केला, आणि मला वाटतं तू जे सांगत होतीस तेच झालं, फक्त माझ्या भाषेत. मी त्या विचाराशी रोज भांडत होते. तो म्हणायचा जाणार, मी म्हणायचे नाही जाणार, तो म्हणायचा पण गाडी मागे गेली तर? नळावरची भांडणं जशी, दोघींपैकी कुणी मागे हटत नाही आणि पाणी निघून जातं. होय म्हटलं की भांडायला समोर कुणी उरतच नाही. होय, जाईल मागे. मग हँडब्रेक ओढू. आणि हे नुसतं बोलायचं नाही बरं का. परवा खरंच गेली! त्याच पुलावर, वीतभर मागे. मागच्यानं हॉर्नवर हात ठेवला. मी हँडब्रेक ओढला, खिडकीतून हात काढून त्याला सॉरी केलं, पुन्हा क्लच धरला आणि गेले. घरी येऊन संध्याकाळी भाजी निवडताना मला आठवलं की आज ते झालं, ज्याच्या भीतीनं मी किल्ली खिळ्याला टांगली होती. मला तर पहिल्या दिवशीच्या विजयापेक्षा हा मोठा वाटतो. मालनमावशी अजून येतात. मी त्यांना मागे बसवते, डब्यांच्या शेजारी.

आता तुझ्याकडे येते. मला सगळं माहीत आहे. प्रबुद्धनं सांगितलं, रागावू नकोस त्याच्यावर, नवरा म्हणून तो आणखी काय करणार होता? मुलुंडच्या त्या हॉलमध्ये हेच व्यायाम लोकांना शिकवायला तू उभी राहिलीस, आणि बोलता बोलता तुझे शब्दच गेले. तू माइक खाली ठेवलास आणि बाहेर पडलीस. कुणीतरी त्याचा व्हिडिओ फिरवला. तेव्हापासून तू शाळेत शिकवायला जात नाहीस, फोन बंद, खिडकीचा पडदासुद्धा ओढलेला. जिला स्वतःला जमत नाही ती दुसऱ्याला काय शिकवणार, हे तुझ्या डोक्यात फिरत असणार, माझ्या डोक्यात तो रिक्षावाला फिरायचा तसंच. मी तुला व्यायाम सांगणार नाही, तुला सगळे पाठ आहेत. तू देव मानत नाहीस, तेव्हा गाऱ्हाणंही तुझ्या कामाचं नाही, होय कुणाला म्हणायचं ते तुझं तू बघ. मला एवढंच म्हणायचंय की तुझे शब्द त्या हॉलमध्ये गेले असतील, पण त्याआधी ते माझ्याकडे पोचले होते, आणि त्यांच्यावर आज माझं अख्खं किचन चाललंय.

इथपर्यंत काल किचनमध्ये लिहिलं. हे पुढचं स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहितेय, म्हणून अक्षर आणखी वाकडं. पडदा बाजूला कर. तुमच्या गेटसमोर छोटा हत्ती उभा आहे ना, त्यात मी आहे. पवईचा चढ, कांजूरचा पूल, सगळं एकटीनं पार करून आले, जेवण घेऊन. पत्र प्रबुद्धच्या हाती वर पाठवतेय, कारण फोन तू उचलणार नाहीस आणि बेल वाजवली तर दार उघडणार नाहीस. प्रेमाताई आज भाचीच्या साखरपुड्याला गेल्यात, आणि सोलकढीची कॅन धरायला माझ्याकडे माणूस नाही. इथे येईपर्यंत मी ती ओढणीनं सीटला बांधली होती, तरी अर्धा पेला सांडलीच. तुला काही बोलायचं नाही, कुणाला काही शिकवायचं नाही, गोरेगावपर्यंत फक्त ती मांडीवर घट्ट धरायची. जोगेश्वरीच्या पुलावर रडायचं असेल तर रड, माझी हरकत नाही, फक्त कॅन सोडू नकोस. युनिटचं जेवण आज दोनला आहे, मी मुद्दाम विचारून घेतलंय, तेव्हा हे पत्र दुसऱ्यांदा वाचत बसायला वेळ नाही. केस विंचरले नसतील तर राहू देत. चपला घाल आणि खाली ये गं, मी इंजिन चालू ठेवलंय.

तुझीच, आणि आज तुझी ड्रायव्हरसुद्धा,
जान्हवी